वस्तीतलं मूल अंगणवाडीपासून नोकरीपर्यंत: सुरुवात कुठून करावी?

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार. पिंपरी-चिंचवड भागातली सुमारे ३५० घरांची वस्ती. दोन अंगणवाड्या, सातवीपर्यंतची महापालिकेची शाळा, एक समाजमंदिर. आठवीची शाळा हायवेच्या पलीकडे. एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकामासाठीच्या निधीतून) आमच्या गटाला वर्षभराचे पैसे मिळण्याची शक्यता आहे. बैठकीत चार प्रस्ताव आले: बालवाडी, दहावीची अभ्यासिका, संगणक वर्ग, करिअर मार्गदर्शन. एकमत होईना.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एकाच भागातल्या मुलांना जन्मापासून कॉलेजपर्यंत सलग साथ देतात म्हणे. तसं काही इथे जमेल का? जमणार असेल तर पहिल्या वर्षी काय करावं? दप्तरवाटप आणि एक दिवसाची शिबिरं करायची नाहीत, एवढंच ठरलं आहे.

खडू_फळा

मुलांची यादी आहे का? नसेल तर चारही प्रस्ताव बाजूला ठेवा.

टिचकी

दप्तरवाटप नाही? मग फोटोत पाहुणे हातात काय धरणार?

रेवती_ठाणे

खडू_फळा यांना अनुमोदन. पण यादी म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं, नाहीतर लोक गूगल फॉर्म फिरवून मोकळे होतात.

३५० घरं म्हणजे १४००-१५०० माणसं, त्यात अठरा वर्षांखालची साधारण ४५० ते ५००. म्हणजे प्रत्येक वयाची २५ ते ३० मुलं. दरवर्षी एवढीच मुलं पहिलीत जाणार आणि एवढीच दहावीच्या वयाला येणार. दोन कार्यकर्त्या यातल्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखू शकतात. वस्तीपातळीवर काम करायचा खरा फायदा हाच.

सर्वेक्षण दारोदार, संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवारी सकाळी. मे महिन्यात आणि दिवाळीत करू नका, निम्म्या घरांना कुलूप असतं. गल्ल्यांचा क्रम आशाताईंना (आरोग्य खात्याच्या आशा सेविकांना) विचारून ठरवा. पोलिओच्या फेरीत त्या एकही दार सोडत नाहीत, भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे त्यांचेच.

रकाने: मुलाचं नाव तीन ठिकाणचं (जन्मदाखला, आधार, शाळेचं जनरल रजिस्टर), जन्मतारीख आणि ती कुठल्या कागदावरून लिहिली, आईचं नाव, दोन फोन नंबर (त्यातला एक नातेवाईक किंवा शेजाऱ्याचा), घर स्वतःचं की भाड्याचं, मूळ गाव आणि तालुका, यंदा कुठे शिकतो, मागच्या वर्षी कुठे होता. नावाचे तीन रकाने चिकटपणा वाटेल. पण आधारवर 'सोनू' आणि शाळेत 'सोनाली' असेल, तर तिची शिष्यवृत्ती चौदाव्या वर्षी अडकते आणि तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

भाडेकरूंची मुलं हटकून सुटतात. अंगणवाडीच्या रजिस्टरात ती बऱ्याचदा नसतात, घरमालकही 'आमच्याकडे कोणी नाही' म्हणतो. गळती याच घरांमध्ये जास्त.

यादी वर्षातून चारदा ताजी करायची: जून, सप्टेंबर, जानेवारी, एप्रिल. जात, आजारपण, घरातली भांडणं हे वेगळ्या वहीत आणि ती वही कुलपात.

चाळकरी

हार्लेमबद्दल जरा. रीडलेन नावाची संस्था १९७० पासून तिथे शाळा बुडवणाऱ्या मुलांसाठी काम करत होती. १९९० मध्ये जेफ्री कॅनडा तिचे प्रमुख झाले आणि १९९७ मध्ये २४ ब्लॉक्सचा एक भाग ठरवून 'हार्लेम चिल्ड्रन्स झोन' सुरू झाला, पुढे तो शंभराच्या आसपास ब्लॉक्सपर्यंत वाढला. गरोदर बायका आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ आठवड्यांचं 'बेबी कॉलेज', मग पूर्वप्राथमिक वर्ग, २००४ पासून स्वतःची प्रॉमिस अकॅडमी, शेवटी कॉलेजमध्ये गेलेल्यांना टिकवणारं कार्यालय. २०१० मध्ये अमेरिकी सरकारने याच धर्तीवर 'प्रॉमिस नेबरहूड्स' योजना काढली.

मात्र २०११ मध्ये डॉबी आणि फ्रायर या अर्थतज्ज्ञांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रॉमिस अकॅडमीच्या मुलांची गणितातली झेप मोठी दिसली आणि त्या शाळेत येणाऱ्या पण झोनबाहेर राहणाऱ्या मुलांनाही तेवढाच फायदा झालेला दिसला. म्हणजे काम शाळेने केलं, वस्तीतल्या उपक्रमांनी किती केलं हा प्रश्नच आहे. तुमच्या हातात शाळा नाही. मग नुसत्या वस्तीच्या जोरावर काय साधणार?

कोसबाडची_वाट

हार्लेमला कशाला जाता? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीला १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होत्या, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी शाळेत येऊ शकत नाही हे त्यांनी हेरलं होतं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शेवटपर्यंत तिथेच राबल्या.

आजही वस्तीत सकाळी आठ वाजता फिरून पाहा, आठ-नऊ वर्षांच्या किती मुलींच्या कडेवर मूल आहे. तुमच्या चार प्रस्तावांत पाळणाघर नाही, याची नोंद घ्या.

खडू_फळा

@चाळकरी, तो अभ्यास ज्या मुलांना शाळेत जागा मिळाली त्यांचा आहे. इथला प्रश्न वेगळा. शाळा आहेत, अंगणवाडी आहे, आयटीआय आहे, योजना आहेत. प्रत्येकाचं खातं मात्र वेगळं. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, आयटीआय कौशल्य विकासकडे. मूल एका खात्यातून दुसऱ्यात जाताना सुटतं आणि ते सुटलं हे कुणालाच कळत नाही, कारण पहिल्याने नाव कमी केलेलं असतं आणि दुसऱ्याकडे ते आलेलंच नसतं. वस्तीतल्या गटाने हे सांधे धरायचे. शिकवणं दुय्यम.

सांधे मोजकेच आहेत: अंगणवाडी ते पहिली, सातवी ते आठवी (पाणंद यांच्या वस्तीत हा नक्कीच दुखरा, मध्ये हायवे आहे), दहावी ते पुढे, आणि प्रशिक्षण ते पहिली नोकरी.

गुलमोहर७७

अंगणवाडीबद्दल. नवी बालवाडी काढायच्या फंदात पडू नका. ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा निकष आहे, तुमच्याकडे दोन आहेत, म्हणजे संख्या बरोबर आहे. तुम्ही समाजमंदिरात रंगीत बालवाडी काढली की तिथली पटसंख्या घटते. मग सेविकाताई तुमच्याकडे पाठ फिरवतात आणि लसीकरण, आहार, वजनाच्या नोंदी या सगळ्यांतून तुम्ही बाहेर पडता.

त्यापेक्षा सेविकाताईंना विचारून रोज एक तास मागून घ्या. त्यांच्या डोक्यावर पोषण ट्रॅकर (नोंदींचं सरकारी अ‍ॅप), घरपोच आहाराचं वाटप, चेहरा ओळखणारं अ‍ॅप आणि खात्याच्या बैठका इतकं असतं की शिकवायला वेळच उरत नाही. त्या तासात बडबडगीत, एक गोष्ट (तीच गोष्ट आठवडाभर, रोज नवी नको), खडे-बिया-बाटल्यांची झाकणं यांचं वर्गीकरण, जमिनीवर खडूने रेघोट्या. अक्षरं गिरवून घेऊ नका. पालक 'एबीसीडी कधी?' विचारणारच, त्यासाठी महिन्यातून एकदा आयांना बोलावून मूल गोष्ट सांगतं ते ऐकवा. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या क्वेस्ट संस्थेने अंगणवाड्यांसाठी 'पालवी' कार्यक्रम केला आहे, तो बघा.

दंडाचा घेर मोजायची पट्टी शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी आवळायची नाही. आवळली की आकडा कमी येतो आणि धडधाकट पोर पट्टीवरच्या लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषितांत, जातं.

पहिलीच्या सांध्यासाठी एप्रिल आणि जूनमध्ये शाळांत 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मुलाला टेबलाटेबलावरून फिरवून भाषा, गणनपूर्व तयारी, उड्या-चेंडू वगैरे पाहतात आणि मधल्या काळात मातांचे गट घरी सराव घेतात. एप्रिलचा मेळावा होतो, मग कुटुंबं गावी जातात आणि मातागट कागदावर उरतो. तुमच्या कार्यकर्त्यांनी तेवढा गट चालवला तरी खूप.

टिचकी

चेहरा ओळखणारं अ‍ॅप आईचा चेहरा ओळखत नाही. मूल ओळखतं, पण त्याला कोण विचारतो.

मुळशीकर

पंचवीस टक्क्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) १२(१)(क) खाली खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागांवर मोफत प्रवेश. दुर्बल घटकाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला, वंचित घटकाला जातीचा. भाडेकरू असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. पाचशेच्या बॉन्डवर लिहून घेतलेला करार पडताळणीत उडतो. घराचं ठिकाण नकाशावर दाखवताना बाण शेजारच्या सोसायटीवर ठेवला की अंतर चुकतं आणि लॉटरीत लागलेला प्रवेश पडताळणीत रद्द होतो. अर्जात दिलेला मोबाइल मध्येच बंद पडला, मेसेज पोचला नाही, मुदत गेली, हेही नेहमीचंच.

२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या वर्षी जूनमध्ये अनेकांनी वाट पाहून पोरं दुसरीकडे घातली.

अडाणी_पंडित

उत्पन्न नसल्याचा दाखला काढायला जेवढे खेटे घालावे लागतात, तेवढ्यात बुडलेल्या मजुरीने उत्पन्न आणखी कमी होतं. म्हणजे दाखला खरा ठरतो.

रेवती_ठाणे

पंडितजी :)

मुळशीकर, यात एक खाच आहे ती पालकांना आधी सांगायला हवी. आठवीतल्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात (पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट). पण ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. विनाअनुदानितमध्ये पंचवीस टक्क्यांतून गेलेलं मूल कितीही गरीब असलं तरी बसू शकत नाही. शिवाय आरटीईची फी-माफी आठवीला संपते. नववीत पूर्ण फी भरायची की शाळा बदलायची, हा प्रश्न चौदाव्या वर्षी दारात उभा. यादीत अशा मुलांपुढे खूण करून सातवीतच पालकांशी बोला.

एनएमएमएसचं दर वर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. शाळा विसरली की पैसे थांबतात.

लिंबलोण

वस्तीत बांधकामावरचे लोक असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी बघा. पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, पुढे आणखी. अट ७५ टक्के हजेरीची, पहिल्या दोन अपत्यांना. नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ठेकेदार तिथे सही करायला का-कू करतो. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं की मुलांची शिष्यवृत्तीही गेली.

खडू_फळा

मधली वर्षं राहिली. तिसरी ते सातवीच्या मुलांचं वाचन तपासा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षण-सर्वेक्षणाची चाचणी एका पानाची आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा. पाचवीतलं अक्षरओळखीवरचं मूल आणि तिसरीतलं तसंच मूल एका गटात, रोज एक तास, एका गटात वीसच्या वर नकोत. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चाचणी आणि गट बदल. गट बदलले नाहीत तर तो 'ढ'चा वर्ग ठरतो आणि मुलं यायची बंद होतात.

शब्द गटातल्या मुलाला उताऱ्यापर्यंत नेताना सगळे घाई करतात. मूल 'मा-म-ला' असं सुटं वाचतं, अर्थ लागत नाही, शिक्षक पुढचं वाक्य घेतात. तिथे थांबून बोट फिरवत तेच वाक्य आधी मोठ्याने वाचून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकट्याने. नंतर पुस्तक मिटून 'काय झालं गोष्टीत?' कंटाळवाणं आहे, पण चालतं.

'गृहपाठ करून घेणारी अभ्यासिका' मात्र नको. तासाभरात सगळे एकाची वही उतरवतात आणि घरी जातात.

चाळकरी

अभ्यासिकेला सरसकट नावं ठेवू नका. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि टीव्ही असताना दहावीचं पोर बसणार कुठे? फक्त तिला वर्ग म्हणू नका. उजेड, पंखा, शौचालय, पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत उघडं दार. मुलींसाठी रात्रीची वेळ साडेआठलाच संपवावी लागते, म्हणून त्यांना पहाटेची जागा राखून ठेवा. घरी पोचवायला कोण जाणार हे आधी ठरवा, नाहीतर पंधरवड्यात मुली गायब.

टिचकी

आणि गणपतीचे दहा दिवस? समाजमंदिरात मंडळाची मूर्ती बसते ना?

पाणंद (धागाकर्ता)

बसते. त्यानंतर नवरात्र. आणि डिसेंबरात लग्नं.

मुळशीकर

मंडळाच्या अध्यक्षांकडून वर्षाचं वेळापत्रक आधीच लिहून घ्या आणि त्या दिवसांसाठी महापालिकेच्या शाळेतली एक खोली मागा. शाळेला शनिवार-संध्याकाळची परवानगी प्रशासन अधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते, मुख्याध्यापक स्वतः देऊ शकत नाहीत. मंडळाच्या पोरांना बाहेर ठेवू नका, हजेरीच्या वहीसाठी त्यांच्यातलाच एक घ्या.

यावरून आठवलं: मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची, स्वयंसेवकाचीही, पोलीस पडताळणी. बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल असं कधीच नाही. पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली) तक्रार कुणाकडे करायची याची पाटी दारावर, बालसाहाय्य १०९८ क्रमांकासकट.

गुलमोहर७७

+१. हे सगळ्यात आधी हवं होतं.

अडाणी_पंडित

आता विनोद नाही. दहावीनंतरचा सांधा म्हणजे कागदांचा सांधा.

दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावी मिळते आणि पुरवणी परीक्षा लगेच असते. हे घरी माहीत नसतं, निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोर कुठल्यातरी गोडाऊनवर लागतं. तो आठवडा प्रत्येक नापास मुलाच्या घरी जायचं, पुरवणीचा फॉर्म भरून घ्यायचा. आधीच शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म किंवा मुक्त विद्यालय.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन आणि फिटर, दोन वर्षं, दहावी पास. वेल्डर एक वर्ष, वायरमन दोन, या दोन्ही ट्रेडना आठवी पासवरही अर्ज चालतो. विकल्प भरताना सगळे एकाच संस्थेचे दोन ट्रेड भरतात आणि फेऱ्यांत हात हलवत राहतात. दहा-पंधरा भरा. मात्र पहिला विकल्प लागला की प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला विकल्प नुसता ऐकीव नावावर टाकू नका.

मग येतो सतराव्या वर्षाचा खड्डा. सोळाव्या वर्षी दहावी, वर्षाचा वेल्डर, सतराव्या वर्षी प्रमाणपत्र. शिकाऊ उमेदवाराचं किमान वय कायद्याने १४ असलं तरी धोकादायक उद्योगांसाठी १८ आहे आणि चाकण-भोसरीचे बरेच कारखाने सरसकट १८ पूर्ण मागतात. या रिकाम्या वर्षात मुलगा डिलिव्हरीच्या गाडीवर बसतो, त्याही दुसऱ्याच्या नावाच्या, आणि वेल्डिंग विसरतो. त्याला दोन वर्षांचा ट्रेड घ्यायला लावा.

रेवती_ठाणे

यात जात वैधता जोडते. बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंग वगैरेला राखीव जागा हवी तर वैधता प्रमाणपत्र लागतं. पुरावा ठरावीक तारखेआधीचा: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, आणि तो मूळ गावात. म्हणूनच यादीत 'मूळ गाव-तालुका' हा रकाना. मूल नववीत असताना, दिवाळीला घरचे गावी जातील तेव्हा तो उतारा आणायला सांगायचं. अकरावीत कॉलेजमार्फत अर्ज. बारावीच्या जूनमध्ये सुरुवात केली तर पावतीवर प्रवेश आणि पुढे जीव टांगणीला.

लिंबलोण

अवांतर: वस्तीतून ऊसतोडीला जाणारी घरं आहेत का? ऑक्टोबर ते एप्रिल मुलं जातात. शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागा, कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून बसता येतं. गावाकडे आजी असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय बघता येते.

पाणंद (धागाकर्ता)

ऊसतोडीची चार-पाच घरं असावीत, नक्की यादी झाल्यावर कळेल. बरं, पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. पैसे एका वर्षाचे. या सगळ्यातलं पहिल्या वर्षी काय?

चाळकरी

दहावी. निकाल दिसतो, कंपनी दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे देते. लहान मुलांचं काम दहा वर्षांनी दिसणार, तोवर थांबायला कोण बसलंय?

खडू_फळा

असहमत. दहावीला आलेली २५ मुलं म्हणजे गळून उरलेली मुलं, त्यांचा निकाल तसाही बरा लागतो आणि अहवालात आपण कॉलर ताठ करतो. गेलेली कुठे गेली ते त्या आकड्यात दिसत नाही. पहिल्या वर्षी यादी आणि दोन सांधे: पहिलीत जाणारी ३० आणि सातवीतून आठवीत जाणारी ३०. हायवे ओलांडायचा आहे, म्हणजे मुलींच्या जाण्यायेण्याची सोय. पाच-सहा जणींचा गट करून एक आई सोबत, किंवा पीएमपीएमएल बसच्या पासाचा प्रश्न सोडवा. आठवीच्या शाळेचा हजेरीपट जुलै आणि ऑगस्टच्या शेवटी बघायचा. यूडायसमध्ये (शाळा-मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) जुनी शाळा मुलाला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकते, नवी शाळा तिथून ओढून घेते. ओढलं नाही तर मूल कागदावर लटकलेलं. दोन्ही मुख्याध्यापकांना नावांची एकच यादी द्या, काम अर्ध्या तासाचं आहे.

मुळशीकर

पैशांबद्दल. कंपन्या मार्चअखेर खर्च दाखवण्याच्या घाईत असतात आणि तुमचं वर्ष जूनला सुरू होतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी घेतली तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं खर्च चालतो. तशी मागणी आत्ताच करा. आलेल्या पैशांतले दोन तृतीयांश वस्तीतल्याच दोन बायकांच्या मानधनाला ठेवा, बारावी पास पुरेशा. कॉम्प्युटर घेऊ नका. पैसे आटले तरी त्या दोघी वस्तीतच राहणार आहेत, आणि वही त्यांच्याकडे.

गुलमोहर७७

त्यातल्या एकीचंही माहेर-सासर दोन्ही त्याच वस्तीत नको. घरोघरच्या भांडणात ओढली जाते. आणि दोघी एकाच गल्लीतल्या नकोत.

कोसबाडची_वाट

पाळणाघर राहिलंच की!

पाणंद (धागाकर्ता)

राहिलं नाही, दुसऱ्या अंगणवाडीच्या मागची खोली बघतोय. भाडं जास्त सांगतात. सर्वेक्षण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून. रेवती, रकान्यांचा नमुना एका पानात बसतो का, की आडवी वही घ्यावी?

रेवती_ठाणे

आडवी, ४०० पानी, एका घराला एक पान. डाव्या बाजूला घर, उजवीकडे मुलं, खाली चार तारखांच्या नोंदींना जागा. पेन काळं, मोबाइल नंबर तेवढे पेन्सिलने.